आडातले आणि पोहऱ्यातले : बुद्धिमापनाची थोडी हकीकत

निकालाच्या दिवशी आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येते. मराठी बोलणारे म्हणतात, "आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" आपल्या मोहल्ल्यात तेच "इसके दिमाग में ही नहीं है, मास्तर," अशा शब्दांत सांगितले जाते. शब्द वेगळे असले तरी परिणाम एकच. मूल शाळेतून निघते आणि दुकानावर, गॅरेजात किंवा मागावर जाऊन बसते. पालक बंधुभगिनींनो, आड कोरडा आहे हे पोहरा टाकणाऱ्याला कसे समजले, असे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या खानदेशात विहिरी खोल. दोर आखूड असेल तर भरल्या विहिरीतूनही पोहरा रिकामाच वर येतो.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. १९८४ साली सोनगीर परिसरातील एका शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होतो. सोनगीर हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, किल्ल्याच्या पायथ्याचे गाव, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. वर्गातील एका मुलाचे वडील भांड्यांची फेरी करीत. जुनी फुटकी भांडी मोडीत घ्यायची, नवी द्यायची आणि वरचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा. मुलगाही सुटीत बरोबर जाई. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी मी वर्गाला बुद्धिमत्ता चाचणीचा एक सराव पेपर दिला. पन्नास प्रश्नांपैकी त्याचे सात बरोबर आले. मी वडिलांना बोलावून सांगितले, "मुलगा कष्टाळू आहे, पण डोके चालत नाही." ते म्हणाले, "आप बोलते हैं तो सही होगा." आणि निघून गेले.

पुढे आठवड्याभराने मधल्या सुटीत तोच पेपर माझ्या हातात होता. मुलगा जवळ उभा होता. सहज म्हणून मी एक प्रश्न घरच्या बोलीत विचारला, "इनमें से अलग कौन सा है?" त्याने लगेच बोट ठेवले. दुसरा विचारला, तिसरा विचारला. वीसपैकी सोळा प्रश्न त्याने माझ्यासमोर सोडवले. त्याला अडले होते ते 'विसंगत पद ओळखा' आणि 'सहसंबंध लक्षात घेऊन' या सूचनांपाशी. 'विसंगत' हा शब्दच त्याने कधी ऐकला नव्हता. मी त्याच संध्याकाळी घरी गेलो. वडिलांनी मालेगावला नातेवाइकाकडे निरोप धाडून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात मुलगा यंत्रमागावर गेला. माझे शब्द मी परत घेतले, पण निरोप परत आला नाही.

त्यानंतर बुद्धिमापन म्हणजे आहे तरी काय, हे मी जमेल तसे वाचत आलो.

या शास्त्राचा जन्म मुलांना शाळेतून काढण्यासाठी झाला नव्हता, हे पालकांना सर्वप्रथम सांगावेसे वाटते. फ्रान्समध्ये सर्व मुलांना शिक्षण सक्तीचे झाल्यावर काही मुले मागे पडू लागली. त्यांना ओळखून वेगळी मदत कशी द्यावी यासाठी १९०४ साली तेथील सरकारने एक समिती नेमली. त्या कामातून आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सायमन यांनी १९०५ साली ३० कामांची एक चाचणी तयार केली. कामे साधीच होती. दिव्याच्या ज्योतीकडे नजर फिरवणे, चित्रातील वस्तू दाखवणे, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणणे, दोन वजनांतील जड कोणते हे सांगणे, वगैरे. १९०८ साली त्यांनी ही कामे वयानुसार लावली. उदाहरणार्थ, तीन वर्षांच्या मुलाने दोन आकडे ऐकून म्हणावेत, चार वर्षांच्या मुलाने तीन. मूल ज्या वयाची कामे करू शकेल ते त्याचे 'मानसिक वय'.

बिने यांच्या मते हा आकडा म्हणजे आजचा अंदाज होता. बुद्धी जन्मतः ठरलेली असते, ती वाढत नाही, असे म्हणणाऱ्या शिक्षकांवर त्यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांचे अवधान आणि स्मरण सरावाने वाढवण्यासाठी त्यांनी खास व्यायामही सुचवले होते. १९११ साली ते वारले. पुढे चाचणी इतरांच्या हाती गेली आणि तिचे रूप पालटले.

जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि 'बुद्धिगुणांक' प्रचारात आला. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाची कामे केली, तर दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५. हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे. त्याच्या सोपेपणामुळेच घोटाळा झाला असावा, असे मला वाटते. आकडा दिसला की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो. आता हिशेबाची ही रीत मागे पडली आहे. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करतात. सरासरी १०० धरतात आणि दर तीनपैकी सुमारे दोन मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात.

पहिल्या महायुद्धात १९१७ नंतर अमेरिकी सैन्यात १७ लाखांहून अधिक जवानांची चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांना लेखी पेपर, न येणाऱ्यांना चित्रांचा. परदेशातून आलेल्यांचे गुण कमी आले. कार्ल ब्रिगहॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ग्रंथ लिहून असे ठरवले की उत्तर युरोपातील लोक जात्याच हुशार आणि इतर कमी. गंमत अशी, की त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट दिसत होती. परदेशी माणसाने अमेरिकेत जितकी जास्त वर्षे काढली होती, तितके त्याचे गुण जास्त होते. म्हणजे चाचणीत बुद्धीबरोबर अमेरिकेची ओळखही मोजली जात होती. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. मोठ्या माणसाने चूक कबूल केली ही चांगली गोष्ट. पण मधल्या सात वर्षांत त्या पुस्तकाचा आधार घेऊन पुष्कळांनी पुष्कळ काही बोलून घेतले होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. पाश्चात्य चाचणी जशीच्या तशी येथे चालणार नाही हे ज्यांच्या ध्यानात आले, त्यांत पहिले नाव डॉ. सी. एच. राइस यांचे. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात १९२२ साली त्यांनी बिने यांच्या चाचणीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या वळणाची ही पहिली चाचणी, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करतो.

मराठीतील काम धारवाडला झाले, आणि त्याची माहिती आपल्या शिक्षकांनाही फारशी नसते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांच्या १९१६ सालच्या चाचणीवरून मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नवी श्रेणी रचली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तेथे दोन्ही भाषा कानावर पडत. १९३४ साली एका इंग्रजी शैक्षणिक नियतकालिकात त्यांनी या कामाचा वृत्तान्त दिला आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही बालमार्गदर्शन केंद्रांत आणि इस्पितळांत ऐकू येते.

हे भाषांतराचे काम आहे असे कोणास वाटेल, तर तसे नाही. टर्मन यांच्या चाचणीत सहा वर्षांच्या मुलाला चार अमेरिकी नाणी ओळखायला सांगत. धारवाडच्या किंवा सोनगीरच्या मुलाने ती कधी पाहिलेली असणार? नऊ वर्षांच्या मुलाला दिलेल्या शब्दाशी यमक जुळणारे शब्द सांगायचे असत. शब्द बदलला की यमके बदलली, आणि एका भाषेत सोपे असलेले दुसरीत अवघड झाले. ठरावीक अक्षरांचे वाक्य ऐकून परत म्हणायचे असे. इंग्रजीत एका अक्षरात आटोपणारा शब्द मराठीत तीन-चार अक्षरे घेतो. महिन्यांची नावे विचारली तर कोणाच्या घरी चैत्र-वैशाख, कोणाच्या घरी मोहरम-सफर, आणि शाळेत जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा प्रत्येक प्रश्न येथल्या मुलांना विचारून पाहायचा, किती वयाच्या किती मुलांना येतो ते मोजायचे, आणि मग तो प्रश्न कोणत्या वयाला ठेवायचा ते ठरवायचे. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. कामतांचे मोठेपण मला या चिकाटीत दिसते.

चाचणी चांगली की वाईट हे कसे ओळखावे? सोनगीरच्या वाचकाला वजनकाट्याचे उदाहरण पुरे. पितळेची घागर एकाच काट्यावर सकाळी आणि संध्याकाळी ठेवली आणि वजन तेच आले, तर काटा विश्वसनीय. पण काट्याने घागरीचे वजन कळते, तिचा घाट सुबक आहे की नाही ते कळत नाही, ती गळते की नाही तेही कळत नाही. ज्या गोष्टीसाठी माप घेतो तीच गोष्ट मापली जाते का, ही दुसरी परीक्षा. तिला सप्रमाणता म्हणतात. माझ्या १९८४ च्या पेपरने मुलाचे मराठी पुस्तकी शब्द मोजले होते आणि मी त्यावर बुद्धीची चिठ्ठी चिकटवली होती. दुसऱ्या परीक्षेत तो काटा नापास होता.

निरक्षर मुलाचे काय, हा प्रश्न इकडच्या संशोधकांना लवकरच पडला. अलाहाबादचे डॉ. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली कृतिचाचण्यांचा एक संच प्रसिद्ध केला. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, चौकटीतील तुकडे सरकवत योग्य जागी नेणे, आकृती काढणे, ऐकलेले लक्षात ठेवून म्हणणे आणि चित्राचे तुकडे जोडणे, असे त्याचे पाच भाग. तो शाळेत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या अशा दोन्ही मुलांवर पारखला गेला. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील डॉ. ए. जे. मालिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी दुसरी एक श्रेणी तयार केली. ती हिंदी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत वापरता येते, आणि तिच्यात शाब्दिक व कृतीचे असे दोन विभाग आहेत. दोन विभागांच्या गुणांत मोठी तफावत दिसली, तर परीक्षक थबकतो आणि मुलाची भाषा, श्रवण, वाचन यांकडे वळून पाहतो. १९८४ साली असे थबकणे मला कोणी शिकवले असते तर!

पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तेथे बुद्धिमान मुले शोधून त्यांना वाढवण्याचा हेतू होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांनी बुद्धी ही एक वस्तू नसून तिचे १२० पैलू संभवतात असे मांडले होते. त्या विचारावर आधारलेल्या मराठी चाचण्या प्रबोधिनीत तयार झाल्या. निवडक मुलांकडेच जास्त लक्ष गेले की बाकीच्यांचे काय, अशी शंका मला येते, ती मी लपवीत नाही. पण मराठीतून, मराठी मुलांसाठी, इतक्या सातत्याने हे काम झाले याची कदर केली पाहिजे.

स्मरणशक्तीविषयी दोन शब्द सांगतो, कारण पालकांची दुसरी तक्रार तीच असते, "याद नहीं रहता." जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली पुस्तक लिहिले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि काही काळाने ती पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचे. त्यांना आढळले की तासाभराने निम्म्याहून कमी शिल्लक राहते, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश आणि महिन्याने जेमतेम एक पंचमांश. विसरण्याचा सपाटा सुरुवातीलाच असतो, मग तो मंदावतो. म्हणून रात्री दोन तास घोकून उठण्यापेक्षा तेच दोन तास चार दिवसांत वाटले तर जास्त टिकते.

ही गोष्ट आपल्या हाफिजजींना कोणी जर्मन पुस्तकातून शिकवलेली नव्हती. हिफ्जच्या वर्गात रोज नवा सबक असतो, त्याबरोबर नुकताच झालेला सबकपारा ऐकवावा लागतो आणि शिवाय जुना आमोख्ता असतो. तीस पारे, सहा हजारांहून अधिक आयती मुलाच्या ओठांवर राहतात त्या या पाळ्यांमुळे. मराठी शाळेतील जुन्या परवचाची रीतही तीच होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी रोज संध्याकाळी म्हणवून घेत. जे मूल हिफ्ज करते त्याला इतिहासाच्या सनावळ्या लक्षात राहत नाहीत, याला स्मरणशक्तीचा दोष कसे म्हणावे? सनावळ्यांचा आमोख्ता त्याच्याकडून कोणी घेतलेलाच नसतो. मात्र पाठांतर म्हणजेच बुद्धी, हा समजही सोडला पाहिजे. आकडे लक्षात ठेवणे हा बिने यांच्या चाचणीतील एक भाग होता, सारी चाचणी नव्हे.

आणि बुद्धी कागदाबाहेर किती असते, याचा दाखला शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळ आसोद्यास जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या लेवा गणबोलीत ओव्या रचीत आणि म्हणत. पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता प्रसिद्ध झाल्या. कल्पना करा, त्यांच्यासमोर एखाद्याने लेखी पेपर ठेवला असता तर कोरा कागद परत आला असता, आणि त्यावर शून्य गुण पडले असते.

बुद्धिगुणांक जन्मभर एकच राहतो, असे सांगणारे अजून भेटतात. न्यूझीलंडचे प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांतील आकडे एकत्र केले. हॉलंडमध्ये सैन्यासाठी तपासलेल्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीस अंकांनी वाढले होते. एका पिढीत रक्त बदलत नाही. शाळा, आहार, घरातील पुस्तके, प्रश्नांची सवय, हे सारे बदलते. आयोडीनचेच पाहा. आईच्या गरोदरपणी आयोडीनची मोठी कमतरता असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आपल्या सरकारने १९६२ सालापासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला, तो त्यासाठीही उपयोगी पडला. आयोडीनयुक्त मिठाची पिशवी ही बुद्धीची बाब आहे, हे आमच्या भगिनींनी जरूर ध्यानात घ्यावे.

चाचण्यांना नावे ठेवून पालकांनी त्यांकडे पाठ फिरवावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या मुलांसाठी त्या दाराच्या किल्ल्या आहेत. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून सुरू आहे. ती अनेक वर्षे चौथी व सातवीला असे, २०१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. तिच्यात बुद्धिमत्ता चाचणी असते, आणि ती उर्दू माध्यमातूनही देता येते. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत शंभरपैकी पन्नास गुण मानसिक क्षमतेला आहेत. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतही आठवीच्या मुलांसाठी असा एक पेपर आहे, आणि तीत निवड झाली तर बारावीपर्यंत मदत मिळते. या प्रश्नांचा सराव करता येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आरशातले घड्याळ गोंधळात टाकते, दहाव्यांदा पाहणाऱ्याला नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून, बुद्धी चांगली असून अक्षर लागत नाही अशा मुलाला चाचणीच्या आधारे परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. बिने यांनी ज्या कामासाठी ती काढली, ते हेच.

शिक्षक बंधूंना एक विनंती. सराव पेपर देताना पहिल्या पाच मिनिटांत सूचना मुलांच्या बोलीत सांगा, अहिराणी असो वा आपली घरची उर्दू. आणि एका पेपरवरून पालकांना बोलावू नका.

मालेगावला गेलेला तो मुलगा २००८ साली ईदला गावी आला, तेव्हा मला भेटायला घरी आला. स्वतःचे चार माग झाले होते. बरोबर तिसरीतून चौथीत गेलेली मुलगी होती. टेबलावर शिष्यवृत्तीचे सराव पुस्तक पडले होते, ते त्याने उचलून चाळले.

"सर, ये पेपर उर्दू में आता है ना?" त्याने विचारले.

"येतो," मी म्हणालो.

"और ऊपर जो लिखा रहता है, वो भी?"

"सूचनाही."

त्याने एक पान उघडून मुलीपुढे धरले. पुस्तक मराठी होते. वरची ओळ त्याने मनात वाचली आणि तिला म्हणाला, "देख, इनमें से अलग कौन सा है?" तिने थोडा वेळ पाहिले आणि बोट ठेवले.